आजचा बॉक्सर मोठा की कालचा? एकाच वजनगटातल्या दोघांची तुलना करण्याची रीत

बॉक्सिंग नव्याने पाहू लागलेला माणूस लवकरच एका वादात ओढला जातो. टेरेन्स क्रॉफर्ड शुगर रे रॉबिन्सनसमोर टिकला असता का? ओलेक्झांडर उसिकने मोहम्मद अलीला हरवलं असतं का? उत्तरं ठाम येतात आणि वाद मात्र मिटत नाही, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एक जण कारकीर्द मोजतो, दुसरा डोळ्यांसमोर लढत आणतो. एकाच्या मनात बारा फेऱ्या असतात, दुसऱ्याच्या मनात पंधरा.

ही तुलना नीट करता येते. त्यासाठी एक वही, स्टॉपवॉच आणि जुन्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहायची तयारी एवढंच लागतं. खालची रीत कुठल्याही वजनगटाला चालते, पण पायऱ्या नीट कळाव्यात म्हणून एकच जोडी घेऊन शेवटपर्यंत जाऊ. गट बँटमवेट, म्हणजे ११८ पौंड, ५३.५ किलो. एका बाजूला जपानचा नाओया इनोउए, दुसऱ्या बाजूला ब्राझीलचा एदेर जोफ्रे. हेवीवेटपासून सुरुवात करायचा मोह आवरा. त्या गटाचं त्रांगडं वेगळं आहे आणि ते शेवटी घेतलं आहे.

पहिली पायरी: प्रश्न लिहून काढा

"कोण मोठा?" या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. पहिला, कोणाची कारकीर्द मोठी: कोणाला हरवलं, किती वर्षं अव्वल राहिला, हरला तेव्हा कोणाकडून हरला. दुसरा, दोघं समोरासमोर आले तर कोण जिंकेल. पहिल्याचं उत्तर कागदपत्रांतून मिळतं, दुसऱ्याचं बहुतांशी फिल्ममधून. कारकिर्दीने मोठा असलेला बॉक्सर त्या एका लढतीत हरेल असं वाटू शकतं, आणि त्यात विसंगती काहीच नाही. वहीत दोन वेगळी पानं करा आणि एका पानावरचा मुद्दा दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नका.

दुसऱ्या प्रश्नासाठी वर्ष ठरवावंच लागतं. नुसतं "अली" म्हणून भागत नाही. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० अली रिंगबाहेर होता. त्याआधीचा अली पायांच्या जोरावर जिंकायचा, प्रतिस्पर्ध्याला तो सापडायचाच नाही. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडणारा अली दोरांना टेकून मार अंगावर घेत होता. हे दोन वेगळे बॉक्सर आहेत आणि दोघांची उत्तरंही वेगळी येतात.

आपल्या जोडीचा काळ सहज ठरतो. जोफ्रे नोव्हेंबर १९६० मध्ये विजेता झाला आणि नोव्हेंबर १९६४ पर्यंत त्याने आठ वेळा विजेतेपद राखलं. वय २४ ते २८. इनोउए ११८ पौंडांवर मे २०१८ ते डिसेंबर २०२२ खेळला. वय २५ ते २९. जोफ्रेची उंची १६३ सेंटिमीटर, इनोउएची १६५. इतकी जुळती जोडी क्वचित मिळते. पानाच्या डोक्यावर लिहा: "१९६२ चा जोफ्रे, २०१९ चा इनोउए, ११८ पौंड."

दुसरी पायरी: वजनकाटा तपासा

सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून या पायरीला घाई करू नका.

जुन्या काळी गट आठच होते: फ्लाय ११२, बँटम ११८, फेदर १२६, लाइट १३५, वेल्टर १४७, मिडल १६०, लाइट हेवी १७५ आणि त्यावर हेवी. मधले काही गट अधूनमधून यायचे, पण त्यांना फारसा मान नव्हता. आज सतरा गट आहेत, आणि डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेने २०२० मध्ये अठरावाही काढला. इनोउएला "चार गटांचा विजेता" म्हणतात: १०८, ११५, ११८ आणि १२२. यातले १०८, ११५ आणि १२२ हे तिन्ही गट १९७५ ते १९८० या काळात सुरू झाले. १९६० च्या मोजपट्टीवर इनोउएच्या नावावर एकच गट उरतो. त्याने त्याचं कर्तृत्व उणावत नाही. फक्त "चार विरुद्ध दोन" अशी बेरीज करता येत नाही एवढंच. जोफ्रेने दुसरा गट जिंकला तो थेट १२६ चा, १९७३ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, होसे लेग्राला हरवून. मधल्या १२२ च्या पायरीवर थांबायची सोय त्याला नव्हती.

क्रॉफर्डचंही तेच. १३५ पासून १६८ पर्यंत चढताना त्याला १४० आणि १५४ या पायऱ्या मिळाल्या. रॉबिन्सनसाठी १४७ च्या वर थेट १६० आणि त्याच्या वर थेट १७५. जून १९५२ मध्ये तो १५७.५ पौंडांचा असताना १७३ पौंडांच्या जोई मॅक्सिमशी लाइट हेवीच्या विजेतेपदासाठी लढला. यँकी स्टेडियममध्ये उकाडा असा होता की रेफ्रीलाच लढत अर्ध्यावर सोडावी लागली. गुणांत पुढे असलेला रॉबिन्सन तेराव्या फेरीनंतर स्टुलावरून उठू शकला नाही. हा पराभव नोंदीत फक्त एक आकडा म्हणून दिसतो. पंधरा पौंडांचा फरक आणि उष्मा तिथे दिसत नाही.

आता वजनाची वेळ. जोफ्रेच्या काळात वजन लढतीच्याच दिवशी व्हायचं. सकाळी काट्यावर ११८ भरायचे आणि संध्याकाळी रिंगमध्ये जायचं. १९८० च्या दशकात वजन आदल्या दिवशी घेण्याची पद्धत रुळली. त्यामुळे आजचा बॉक्सर घाम गाळून, पाणी तोडून काट्यावर एक आकडा दाखवतो आणि मग साधारण एक दिवस खाऊन-पिऊन बराच जड होऊन रिंगमध्ये उतरतो. याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २००० मधलं. न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आर्टुरो गॅटी आणि जोई गमाश यांची लढत १४१ पौंडांवर ठरली होती. लढतीच्या रात्री टीव्ही वाहिनीच्या अनधिकृत काट्यावर गॅटी १६० पौंडांचा भरला, म्हणजे वेल्टरवेटच्याही वर. गमाश दुसऱ्या फेरीत पडला, त्याच्या मेंदूला इजा झाली आणि त्याची कारकीर्द संपली. आयबीएफ ही संघटना विजेतेपदाच्या लढतीत त्याच दिवशी सकाळी पुन्हा वजन घेते आणि मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त चालू देत नाही. बाकीच्या संघटनांचे नियम वेगळे आहेत.

वहीत प्रत्येकासाठी तीन नोंदी करा: अधिकृत वजन, काटा आणि पहिली घंटा यांच्यातले तास, आणि त्या लढतीआधी व नंतर तो कोणत्या वजनांवर खेळला. तिसऱ्या नोंदीवरून तो त्या गटात सुखाने बसत होता की कोंबला जात होता हे कळतं. जोफ्रेला १९६४-६५ च्या सुमाराला ११८ भरणं जड जाऊ लागलं होतं. त्याचे दोन्ही पराभव, १९६५ आणि १९६६ चे, त्यानंतरचे आहेत. आजच्या पद्धतीने आदल्या दिवशी वजन झालं असतं तर त्याची ही अडचण बरीच हलकी झाली असती. उलट इनोउएला सकाळी ११८ भरून त्याच रात्री लढायचं असतं तर कदाचित तो १२६ वर गेला असता. ढोबळ नियम असा धरा: आजचा बॉक्सर जुन्या पद्धतीत नेताना त्याला जुन्या आठ गटांतल्या वरच्या गटातही एकदा उभं करून पाहा. तिथे कोण होते? इनोउएच्या बाबतीत डेव्ही मूर, शुगर रामोस, व्हिसेंते साल्दिवार. हा प्रश्न बँटमवेटच्या प्रश्नापेक्षा बराच अवघड आहे.

तिसरी पायरी: नियम ठरवा, मगच लढत लावा

विजेतेपदाच्या लढती पूर्वी पंधरा फेऱ्यांच्या असत. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मँचिनीविरुद्ध लढताना दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने बारा फेऱ्या केल्या आणि दशक संपेपर्यंत बाकीच्यांनीही केल्या. पंचेचाळीस मिनिटांची लढत छत्तीस मिनिटांवर आली.

हा फरक किती मोठा आहे ते १८ जून १९४१ च्या लढतीत दिसतं. जो लुईविरुद्ध बिली कॉन बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रकांवर पुढे होता, तिसऱ्यावर बरोबरी होती. आजच्या नियमाने कॉन त्याच क्षणी जगज्जेता झाला असता. तेराव्या फेरीत लुईने त्याला पाडलं. रॉकी मार्सियानोनेही १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला तेराव्याच फेरीत पाडून विजेतेपद घेतलं, आणि तोवर तो तिन्ही गुणपत्रकांवर मागे होता. पण म्हणून "बारा फेऱ्या असत्या तर कॉन जिंकला असता" असं लिहून मोकळं होऊ नका. बारा फेऱ्या आहेत हे माहीत असतं तर लुईने सातव्या-आठव्या फेरीपासूनच जोर लावला असता. फेऱ्यांची संख्या बदलली की दोघंही आपली ताकद वेगळी वाटून घेतात, आणि फक्त शेवटच्या तीन फेऱ्या कापून हा हिशेब करता येत नाही.

फिल्म पाहताना बाकीचे नियमही लक्षात ठेवावे लागतात. १९१९ मध्ये जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं, पण तेव्हा पाडणाऱ्याने दूरच्या कोपऱ्यात जायची सक्ती नव्हती. डेम्प्सी उभा राहून वाट पाहायचा आणि विलार्ड उठता उठता पुन्हा मारायचा. उठल्यावर आठपर्यंत मोजण्याची सक्ती तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आली. ग्लोव्ह्ज पूर्वी हलके असत. आज १४७ पौंडांपर्यंत आठ औंस, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम, आणि त्यावरच्या गटांना दहा औंस. ब्रिटनमध्ये बराच काळ एकटा रेफ्रीच निकाल द्यायचा. १९५१ मध्ये लंडनला रॅन्डी टर्पिनने रॉबिन्सनला हरवलं ते एकाच माणसाच्या गुणांवर.

गावसकरांच्या धावा मोजताना त्या हेल्मेटशिवायच्या आहेत हे आपण विसरत नाही. इथेही तेवढंच भान पुरे. वहीत दोन रकाने करा: "१९६२ चे नियम" आणि "आजचे नियम". लढत दोन्हींत लावायची आहे.

चौथी पायरी: रेकॉर्ड वाचायला शिका

आकड्यांत नवखा माणूस दोन ठिकाणी फसतो. जुन्या बॉक्सरचे पराभव पाहून तो नाक मुरडतो आणि आजच्या बॉक्सरचं शून्य पाहून भारावतो.

रॉबिन्सन सुमारे दोनशे लढती खेळला आणि १९ हरला. पण पहिल्या ४० लढतींत तो अपराजित होता. ५ फेब्रुवारी १९४३ ला डेट्रॉइटमध्ये जेक लामोटाने त्याला पहिल्यांदा हरवलं. लामोटा त्याच्यापेक्षा सुमारे पंधरा पौंडांनी जड होता. १९ फेब्रुवारीला रॉबिन्सनने जॅकी विल्सनला हरवलं आणि २६ फेब्रुवारीला पुन्हा लामोटाशी लढून त्याला हरवलं. तीन आठवड्यांत तीन लढती, त्यांतल्या दोन वरच्या गटातल्या माणसाशी. आजचा विजेता वर्षाला दोन-तीन लढती करतो, प्रत्येकीसाठी दोन-अडीच महिन्यांचं शिबिर घेतो. म्हणून पराभव मोजताना चार गोष्टी विचारा: समोर कोण होता, त्याचं वजन किती, आधीच्या लढतीला किती दिवस झाले होते, आणि नंतर परतफेड केली का. रॉबिन्सनचे बरेचसे पराभव चाळिशीच्या आसपासचे आहेत. त्यांना तुलनेत धरू नका.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींत आणखी एक गुंता आहे. अमेरिकेत अनेक ठिकाणी कायद्याने निकाल देण्यास मनाई होती. दोघं शेवटपर्यंत उभे राहिले तर अधिकृत निकाल नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आपापला कौल छापत. हॅरी ग्रेबच्या सुमारे तीनशे लढतींत असे कौल भरपूर आहेत. नोंदीत ते वेगळे दाखवलेले असतात. ते गाळले तर ग्रेब निम्मा उरतो. दोन वर्तमानपत्रांचे कौल एकमेकांविरुद्ध असतील तर बरोबरी धरा.

आणि ज्यांना लढतच मिळाली नाही त्यांचं काय? सॅम लँगफर्ड कृष्णवर्णीय होता, म्हणून त्याला हेवीवेटच्या जागतिक विजेतेपदाची लढत कधीच दिली गेली नाही. त्याच्या काळातला प्रत्येक गोरा विजेता तपासताना हे लक्षात ठेवलंच पाहिजे. विजेतेपदांची संख्या ही गुणवत्तेची मोजणी आहे असं धरलं तर हा अन्याय आपण दुसऱ्यांदा करतो.

कामाची पद्धत अशी. दोन्ही बॉक्सरच्या उत्तम काळातले आठ ते दहा प्रतिस्पर्धी घ्या आणि प्रत्येकासमोर पाच रकाने भरा: त्या दिवशीचं वय, त्या दिवसापर्यंतचं रेकॉर्ड, त्या वर्षीच्या "द रिंग" मासिकाच्या क्रमवारीतलं स्थान, त्याचा नेहमीचा गट, निकाल. नंतर कोण मोठा झाला याचं श्रेय आधीच्या लढतीला देऊ नका आणि नंतर कोण ढासळला याचा दोषही नको.

जोफ्रे आणि इनोउएचे तक्ते शेजारी ठेवले की गंमत दिसते. एलॉय सांचेझला हरवून जिंकलेलं विजेतेपद आणि आठ यशस्वी बचाव मिळून जोफ्रेच्या नऊ लढती, नऊही पूर्ण फेऱ्यांआधी संपलेल्या. इनोउएच्या ११८ वरच्या लढतीही नऊच, त्यांतल्या आठ आधी संपलेल्या. जोफ्रेने हरवलेल्यांत तोवर अपराजित असलेला जॉनी कॉल्डवेल आहे, मेक्सिकोचा जो मेडेल आहे, आणि त्याने काराकास, टोकियो, बोगोता अशी परक्यांची मैदानं मारली आहेत. इनोउएकडे अपराजित इमॅन्युएल रॉड्रिगेझ आहे, दुसऱ्या फेरीत संपवलेला. आणि नोनितो दोनेर आहे, पण ३६ वर्षांचा. कारकिर्दीच्या पानावर, फक्त ११८ पुरतं पाहिलं तर, जोफ्रेचं पारडं स्पष्ट जड आहे. त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत ७८ लढती, ७२ विजय, ४ बरोबरी आणि दोनच पराभव, तेही एकाच माणसाकडून: फायटिंग हाराडा.

पाचवी पायरी: फिल्म

फिल्मचा वेग आधी तपासा. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी टिपल्या जात; त्या २४ च्या वेगाने दाखवल्या की माणसं फडफडताना दिसतात, आणि नवखा म्हणतो, "हे काय बॉक्सिंग?" घंटेपासून घंटेपर्यंत न कापलेली एक फेरी शोधा आणि स्टॉपवॉच लावा. तीन मिनिटं भरली तर वेग बरोबर. सव्वादोन मिनिटांत संपली तर १८ ची फिल्म २४ ने धावते आहे. प्लेअरचा वेग ०.७५ करा, फेरी बरोबर तीन मिनिटांची होईल. दोनच मिनिटांत संपली तर वेग दोन-तृतीयांशावर आणा. वेग दुरुस्त केल्यावर तोच बॉक्सर वेगळा दिसू लागतो. पायांची ठेवण, खांद्याची हूल, सगळं वाचता येतं. जोफ्रेच्या काळातल्या फिल्मना ही अडचण सहसा येत नाही, पण कापाकापी तिथेही असते. वेचक फटक्यांच्या चित्रफितींवरून कधीच निष्कर्ष काढू नका. त्यांत प्रत्येक जण अजिंक्य दिसतो.

प्रत्येकाच्या तीन लढती निवडा: सर्वोत्तम विजय, सर्वांत कठीण विजय आणि असेल तर पराभव. जोफ्रेसाठी १९६२ ची मेडेलविरुद्धची आणि हाराडाविरुद्धच्या दोन्ही. इनोउएसाठी रॉड्रिगेझ, दोनेर (२०१९) आणि पॉल बटलर. इनोउएकडे पराभव नाही, म्हणून दोनेरची पहिली लढत सोन्यासारखी आहे. दुसऱ्याच फेरीत दोनेरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, त्याच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. पुढच्या दहा फेऱ्या तो तसाच लढला, नवव्या फेरीत हादरला, अकराव्या फेरीत दोनेरला शरीरावरच्या ठोशाने खाली बसवलं आणि गुणांवर जिंकला. तो मार खाऊ शकतो का, या प्रश्नाचं उत्तर बाकीच्या आठ लढतींत मिळत नाही, या एकीत मिळतं.

आवाज बंद करा. प्रत्येक लढत तीनदा पाहा.

पहिल्यांदा फक्त पाय: ठोसा मारताना मागची टाच कुठे असते, मारून झाल्यावर तो जागेवर राहतो की बाजूला सरकतो, दोरांकडे ढकलला गेला की कोणत्या बाजूने निसटतो. दुसऱ्यांदा फक्त पुढचा हात. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मोजण्यासाठी एक फेरी, एकच बॉक्सर, अर्धा वेग. मारलेले, लागलेले आणि शरीरावरचे असे तीन आकडे. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सचे आकडे १९८५ पासूनचे आहेत आणि तेही माणसंच बटणं दाबून मोजतात, म्हणून स्वतः मोजायला कचरू नका. तिसऱ्यांदा फक्त अडचणीचे क्षण: ठोसा बसल्यावर पुढच्या दहा सेकंदांत तो काय करतो? मिठी मारतो, उलट मारतो, की मागे सरळ रेषेत पळतो? शेवटचं करणाऱ्याला महान बॉक्सर सोडत नाहीत.

या पाहण्यातून जोफ्रेबद्दल हे हाती येतं: हात वर, हनुवटी झाकलेली, सुरुवातीला समोरच्याला वाचतो, दोन्ही हातांनी शरीरावर मारतो आणि प्रतिस्पर्ध्याचे हात खाली आले की डोक्याकडे जातो. सुरुवात संथ, शेवट भयंकर. इनोउए पहिल्या मिनिटापासून धोकादायक. जॅबच जड, अंतर मोजण्याची घाई नाही, आणि मागे सरकता सरकता उजवा हात मारण्याची विलक्षण क्षमता. पण तो पुढे येताना जॅबचा हात परत आणण्यात कधी कधी आळस करतो, आणि त्या फटीतूनच दोनेरचा हुक आला.

काही जणांबद्दल इथेच थांबावं लागतं. ग्रेबच्या लढतीची एकही फिल्म उरलेली नाही. रॉबिन्सनची उपलब्ध फिल्म बहुतेक मिडलवेटच्या काळातली. १४७ वरचा रॉबिन्सन, ज्याला बघणाऱ्यांनी सर्वश्रेष्ठ म्हटलं, तो जवळजवळ दिसतच नाही. अशा वेळी "फिल्म नाही" असं लिहा आणि फक्त कारकिर्दीचं पान भरा. मिडलवेटचा रॉबिन्सन पाहून वेल्टरवेटचा क्रॉफर्ड त्याच्यासमोर उभा करू नका.

सहावी पायरी: शैलीला शैली लावा

"अमक्याने तमक्याला हरवलं, म्हणून तो याला हरवेल" ही साखळी बॉक्सिंगमध्ये तुटते. पुरावा याच गटात आहे. मेडेलने १९६३ मध्ये हाराडाला सहाव्या फेरीत संपवलं. मेडेलला जोफ्रेने दोनदा नॉकआउट केलं. आणि जोफ्रेला हाराडाने दोनदा हरवलं. साखळी खरी असती तर हाराडा जोफ्रेला कधीच हरवू शकला नसता. पण मेडेल मागे राहून वाट पाहणारा, आणि आत झेपावणारा हाराडा त्याच्या हाती आयता सापडला. जोफ्रेला वाचायला वेळ हवा असे, आणि हाराडाने तो वेळच दिला नाही.

म्हणून इनोउएबद्दल नेमका प्रश्न असा करा: तो हाराडासारखा वेळ हिरावून घेऊ शकतो का? वेगात, हो. ठोशांच्या संख्येत, नाही; तो मोजून मारतो. ताकदीत तो हाराडापेक्षा वरचढ. असे तीन-चार नेमके प्रश्न लिहा आणि प्रत्येकासमोर कोणत्या लढतीच्या कोणत्या फेरीत उत्तर दिसलं ते नोंदवा. फेरीचा क्रमांक नसलेलं मत खोडून टाका.

सातवी पायरी: निकाल टक्क्यांत लिहा

"जोफ्रेने सहज मारलं असतं" हे लिहिणं सोपं आहे आणि निरुपयोगी. नियमांचा संच, टक्केवारी, आणि निकाल कसा लागेल, या तीन गोष्टी लिहा. आमचा हिशेब असा येतो. त्याच दिवशी वजन आणि पंधरा फेऱ्या: जोफ्रे ६०, इनोउए ४०, दहाव्या फेरीनंतर जोफ्रेचं शरीरावरचं काम फळाला येईल. आदल्या दिवशी वजन आणि बारा फेऱ्या: इनोउए ५५, जोफ्रे ४५; पहिल्या चार फेऱ्यांत जोफ्रे मागे पडेल आणि भरून काढायला फेऱ्या उरणार नाहीत. दोन्ही संचांत आकडा उलटतो, आणि तो का उलटला हे वरच्या पानांतून कोणालाही तपासता येतं. तुमचे आकडे वेगळे आले तर हरकत नाही, पण कोणत्या पायरीवर वाट वेगळी झाली ते दाखवता आलं पाहिजे.

पहिल्या सरावासाठी याच गटातले रुबेन ओलिव्हारेस आणि कार्लोस झाराते इनोउएसमोर लावून पाहा. दोघांची रंगीत फिल्म मिळते आणि काळही फार लांबचा नाही.

आणि हेवीवेट

इतर गटांत काटा दोघांना निदान एका आकड्यावर बांधतो. हेवीवेटला वरची मर्यादाच नाही, म्हणून तिथे "आजचे मोठे, म्हणून आजचे श्रेष्ठ" हा मुद्दा येतो, आणि तो पूर्ण खोटाही नाही. ४९ विजय आणि शून्य पराभव असलेला रॉकी मार्सियानो साधारण १८५ ते १८९ पौंडांचा होता. आज क्रूझरवेटची मर्यादाच २०० आहे. जो लुई उत्तम काळात २०० च्या आतबाहेर. पण लुईने २६० पौंडांच्या प्रिमो कार्नेराला १९३५ मध्ये सहाव्या फेरीत आणि अडीचशे पौंडांच्या बडी बेअरला १९४२ मध्ये पहिल्याच फेरीत संपवलं. आणि उसिक, जो स्वतः क्रूझरवेटमधून वर आला, त्याने मे २०२४ मध्ये २६२ पौंडांच्या टायसन फ्युरीला आणि डिसेंबरमध्ये आणखी जड झालेल्या फ्युरीला गुणांवर हरवलं.

म्हणून हेवीवेटच्या तक्त्यात एक जादा रकाना ठेवा: स्वतःपेक्षा किमान ३० पौंडांनी जड माणसाशी झालेल्या लढती. त्या लढतींत प्रतिस्पर्धी नुसता जड होता की हलताही होता, हे फिल्मवर पाहून प्रत्येक नावासमोर लिहा. कार्नेरा आणि फ्युरी हे दोघेही अवाढव्य, पण फ्युरी पायांवर खेळतो, उंचीचा वापर करून जॅबमागे लपतो आणि मिठीत वजन टाकतो. मार्सियानोसाठी हा रकाना जवळजवळ रिकामा राहतो, लुई आणि उसिक दोघांसाठीही भरतो. अलीविरुद्ध उसिक लावायचा असेल तर १९६६ चा, सुमारे २१२ पौंडांचा अली घ्या. दोघांची उंची सारखीच, वजनात दहा-बारा पौंडांचा फरक, आणि उसिक डावखुरा. अली डावखुऱ्यांशी फारच कमी खेळला, तेव्हा कार्ल मिल्डेनबर्गरविरुद्धची सप्टेंबर १९६६ ची लढत आधी काढा आणि अलीचा जॅब तिथे किती वेळा चुकतो ते अर्ध्या वेगाने मोजा.